ड्रॅगन भाजा, पण बेताने

चेटकिणीची पडकी झोपडी, ड्रॅगनची गुहा, नखाएवढी खजिन्याची पेटी. हे सगळं जिच्यातून घडतं ती पॉलिमर क्ले मुळात माती नव्हेच. बाथरूमच्या पाइपात असतं तेच पीव्हीसी, फक्त बारीक कणांच्या रूपात. ते मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर आणि वरून रंग. कुंभाराची भट्टी नको, घरचा ओटीजी पुरतो. खेळांसाठी अशा चिमुकल्या वस्तू घडवण्याच्या या छंदातली खरी मजा मात्र वेगळीच आहे: यातल्या निम्म्या गोष्टी भलत्याच कामासाठी जन्मल्या होत्या.

स्कल्पी या नावाने मिळणाऱ्या क्लेचंच बघा. अमेरिकेत हे मिश्रण तयार झालं ते ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी. त्या परीक्षेत ते सपशेल नापास झालं. पण हाताने आकार देऊन भाजलं तर टणक होतं हे लक्षात आलं, आणि १९६०च्या दशकात ते कलाकारांच्या टेबलावर येऊन बसलं.

जर्मनीच्या फिमो या क्लेचं माहेर बाहुल्यांच्या घरातलं. प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रुझ यांची मुलगी सोफी हिने ते लोकांपुढे आणलं आणि १९६४मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिलवाल्या कंपनीने ते विकत घेतलं.

या क्लेतून घडणाऱ्या राक्षसांची कथा तर याहून भारी. १९७४मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक साहसांच्या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स. त्यांना हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांचं एक पाकीट मिळालं. प्राणी कसले, ओळखूही न येणारी ध्यानं! त्यातल्याच एकाचा त्यांनी लोखंड खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ केला. याचा स्पर्श झाला की शूरवीराच्या चिलखताचा गंजून भुगा. आज लोक तासन् तास खपून क्लेमध्ये ज्याच्या मिशा वळतात, तो मुळात चिल्लर किमतीचं खेळणं होता.

या खेळात नकाशावरचा एक इंची चौकोन म्हणजे ५ फूट, आणि माणसाची आकृती साधारण २८ मिलिमीटरची. म्हणजे पिंप कमरेएवढं हवं असेल तर ते सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचंच करावं लागतं. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असला तरी कुणी हरकत घेत नाही. इथे मात्र दार दोन मिलिमीटर ठेंगणं झालं तरी खेळणारे टोकतात. (मला किल्लाच बरा वाटतो.)

आता जरा भिंत बांधू. क्ले लाटा, पण त्या लाटण्याला पुन्हा पोळीचं तोंड दाखवायचं नाही. सुईने दगडांच्या रेघा ओढा, एकही सरळ नको. मग डबा बांधायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून सगळीकडे दाबा. त्या चुरगळलेल्या कडांनी दगडाला असा काही खडबडीतपणा येतो, की महागडं हत्यार घेणाऱ्याने कपाळावर हात मारावा. जुन्या टूथब्रशने ठोकलं की वर बारीक छिद्रंही पडतात. भाजून गार झाल्यावर पातळ काळपट रंग फासा. तो फटींत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग वरवर फिरवला, की फक्त उंचवटे उजळतात आणि भिंत दोन-तीनशे वर्षं म्हातारी होते.

डोंगर करायचा तर आत फॉइलचाच गोळा भरतात. क्ले वाचते, वजन घटतं आणि जाड गोळा आतून कच्चा राहण्याची भीती जाते.

भाजताना पाकिटावर लिहिलेलं पाळायचं. फिमोला ११० अंश सेल्सिअस, अर्धा तास. स्कल्पीला १३० अंश आणि दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं. ओव्हनच्या बटणावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. क्ले करपली तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. मायक्रोवेव्हचं नावही काढू नका.

कच्ची क्ले वाटेल त्या डब्यात ठेवू नये. तिच्यातलं प्लास्टिसायझर काही कडक प्लास्टिक चक्क विरघळवतं आणि डबा-क्ले एकजीव होतात.

तलवारीसारख्या नाजूक वस्तूंना बरेच जण ‘ग्रीन स्टफ’ वापरतात. निळी आणि पिवळी पट्टी मळली की हिरवी लुकण तयार, भाजायची गरजच नाही. जात तीच, नळाची गळती बुजवणाऱ्या आपल्या एम-सीलची: इपॉक्सी.

आणि भाजलेल्या ड्रॅगनचं शिंग मोडलं तर रडू नका. नवं चिकटवा, परत ओव्हनमध्ये घाला. तापमान तेवढं सांभाळलं, तर ही क्ले पुन्हा पुन्हा भाजली तरी कुरकुर करत नाही.