दोन तासांच्या मध्ये कुठे बसायचे?

कार्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी माझ्या नोकरीची सव्वीस वर्षे गेली. इतिहास हा माझा विषय. वर एकवीरा आई आणि तिच्या शेजारी दोन हजार वर्षांचे चैत्यगृह, खाली आमची शाळा. मुंबईहून देवीला येणारी आगरी-कोळी मंडळी चैत्रात डोंगर दणाणून सोडतात. त्या गर्दीत फुलांच्या परड्या विकणारी, गाड्यांना हात करणारी, काकड्या आणि करवंदे घेऊन बसणारी जी पोरे तुम्हाला दिसतात, त्यांतली कितीतरी माझ्या वर्गातली. मावळात ठाकर आहेत, महादेव कोळी आहेत आणि कातकरी आहेत. त्यांतल्या कातकऱ्यांच्या मुलांविषयी मी आज लिहिणार आहे, कारण त्यांच्यातल्या एकाचे माझ्यावर देणे आहे.

तो बारावी झाला १९९९ साली. त्याच्या वाडीतला बारावी झालेला पहिला मुलगा. मला कोण आनंद! मी स्वतः त्याला पुण्यात नेले, महाविद्यालयात नाव घातले, वह्या घेऊन दिल्या, पाठीवर हात ठेवला आणि गाडी पकडून परत आलो. सतराव्या दिवशी तो वाडीवर परतला. का आलास, विचारले तर मान खाली. मी रागावलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘यांच्यासाठी कितीही करा, यांना शिकायचेच नसते.’ हे वाक्य मी उच्चारले होते. आज लिहिताना हात थबकतो. पण ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्यासारखे कितीतरी शिक्षक असे बोललेले आहेत.

पुढे तो जीपवर ड्रायव्हर झाला. कार्ला फाटा ते देवीचा पायथा अशा फेऱ्या मारतो. निवृत्तीनंतर एकदा मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. बोलता बोलता सहज विचारले, ‘तेव्हा तू परत का आलास रे?’ थोडा वेळ तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘सर, दोन तासांच्या मधी कुठं बसायचं, तेच कळत नव्हतं.’

मला आधी उमगलेच नाही. मग त्याने सांगितले. सकाळी एक तास व्हायचा, दुसरा दुपारी. बाकीची पोरे कँटीनमध्ये जायची. तिथे चहाला पैसे लागत. लायब्ररीत जावे तर वाटायचे, आत बसायची फी वेगळी असेल. झाडाखाली बसला तर शिपायाने उठवले. म्हणून तो सायकल स्टँडपाशी उभा राहायचा. दोन-दोन, तीन-तीन तास. सतरा दिवस उभा राहिला आणि मग घरी आला.

लायब्ररीत बसायला पैसे पडत नाहीत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. मला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी सरकारने काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव आहेत. दहावीनंतर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्यासाठी थेट पैसे देणारी ‘स्वयं’ योजना २०१६-१७ पासून आहे. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तरीही आकडे बोलतात ते वेगळेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के, तर आदिवासींची ६५.७. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या देशव्यापी पाहणीत महाविद्यालयीन वयाच्या शंभर मुलांमागे प्रवेशांचे प्रमाण २८.४ होते, आदिवासींमध्ये २१.२. हे सगळ्या जमातींचे मिळून. कातकरी ही तर कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातल्या अति मागास म्हणून वेगळ्या नोंदलेल्या तीन जमातींपैकी एक.

कातकऱ्यांचे वर्षच शाळेच्या वर्षाला आडवे जाते. दिवाळी झाली की वीटभट्टीच्या मालकाची उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाडासकट निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल पावसाळ्यातच संपलेली असते. भट्टीवर काम करायचे ते फेडण्यासाठी. शाळेचे दुसरे सत्र नेमके त्याच महिन्यांत.

जीपमधले ते वाक्य माझ्या मनातून जाईना. शेवटी शाळेतल्या तरुण शिक्षकांशी बोललो. विद्यापीठाला पत्र पाठवले, परवानग्या घेतल्या आणि गेल्या डिसेंबरात नववी-दहावीची बावीस आदिवासी मुले घेऊन आम्ही मळवली स्टेशनावर लोकलची वाट पाहत उभे राहिलो. बावीसपैकी अकरा जणांनी त्याआधी पुणे पाहिलेले नव्हते. लोकलने जेमतेम दीड तासाचे अंतर!

शिवाजीनगरला उतरून बसने गणेशखिंडीत पोहोचलो. मुख्य इमारतीपुढे मी सवयीने मास्तरकी सुरू केली. हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता, १८६४ मध्ये बांधकाम सुरू झाले, १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे, वगैरे वगैरे. मुले माना डोलावत होती. माझे संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने हळूच विचारले, ‘सर, इथं कोणी हटकत नाही का?’

मी इतिहास गुंडाळून ठेवला.

त्यानंतर दिवसभर आम्ही इमारती पाहिल्याच नाहीत. विद्यापीठात दिवस कसा जातो ते पाहिले. मार्गदर्शक म्हणून चार विद्यार्थी मिळाले होते. नंदुरबारची एक भिल्ल मुलगी, जुन्नरकडचा एक महादेव कोळी मुलगा आणि आणखी दोघे. त्यांनी ओळखपत्र कसे असते ते दाखवले. जेवणाचे कूपन कुठे घ्यायचे, रांगेत ताट कुठून उचलायचे, पाणी कुठे, मुलींची स्वच्छतागृहे कुठे, ते दाखवले. तास चुकला तर काय करायचे, सरांचे इंग्रजी समजले नाही तर कोणाला विचारायचे, हेही सांगितले. ‘मला पहिले सहा महिने काहीच समजत नव्हतं,’ ती नंदुरबारची मुलगी म्हणाली, ‘पण बाजूच्या मुलीलाही समजत नव्हतं, ते मला नंतर कळलं!’ बावीसच्या बावीस जण हसले. त्या दिवशीचे ते पहिले मोकळे हसू.

असा प्रयोग बाहेरच्या देशांतही झाला आहे. ऑस्ट्रेलियात २००५ साली सिडनी विद्यापीठातल्या जॅक मॅनिंग बॅनक्रॉफ्ट या आदिवासी वंशाच्या विद्यार्थ्याने पंचवीस विद्यापीठीय विद्यार्थी आणि शाळेत शिकणारी पंचवीस आदिवासी मुले यांच्या जोड्या लावल्या. पुढे त्यातून मोठी संस्था उभी राहिली. कल्पना साधी होती. चार वर्षांनी मोठ्या असलेल्या दादा-ताईचे जितके पटते, तितके साठीच्या मास्तरांचे पटत नाही. मला ते पटायला थोडे जड गेले, पण गणेशखिंडीत डोळ्यांनी पाहिले.

वनस्पतिशास्त्र विभागात गंमत झाली. तिथल्या एका संशोधक विद्यार्थ्याने कागदावर चिकटवलेली खैराची वाळकी फांदी दाखवली आणि लॅटिन नाव सांगितले. मी म्हटले, ‘अरे, याच खैराच्या लाकडापासून तुमचे वाडवडील कात काढायचे. कातकरी हे नाव त्यावरूनच पडलं.’ मुले फांदीकडे बघत राहिली. त्यांच्यापैकी एकानेही कात काढताना पाहिलेला नव्हता. त्यांच्या आई-बापांनीही नाही. जंगलाचे कायदे आले, खैर तोडणे बंद झाले आणि त्या लोकांचा कोळशाकडून विटांकडे प्रवास झाला. आपल्या जमातीच्या नावाचा अर्थ त्यांना प्रथम कळला तो विद्यापीठातल्या एका कपाटापाशी. ते चांगले झाले की वाईट, मला अजून ठरवता आलेले नाही.

जयकर ग्रंथालयात शेवटी गेलो. लांबच लांब टेबले, खाली मान घालून वाचणारी मुले. ती मघाची मुलगी दारातच थांबली. ‘इथं आपण बसलं तर चालतं?’ नंदुरबारच्या मुलीने काही न बोलता खुर्ची ओढून दिली. ती बसली. समोर पुस्तक नव्हते, तरी हात टेबलावर ठेवून पाच मिनिटे बसली.

परतताना लोकलमध्ये मला आमचा डोंगर आठवला. कार्ल्याच्या लेण्यांत चैत्यगृहाशेजारी विहार आहेत. लहान लहान कोठड्या. मुले नेहमी विचारतात, इथे कोण राहायचे? मी सांगतो, भिक्षू. पावसाळ्यात फिरणे थांबवून एका जागी राहायचे, शिकायचे, शिकवायचे. नहपान राजाचा जावई उषवदात याने वर्षावासाला येणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले, तो लेख आजही भिंतीवर आहे. दारावर धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराचे नाव आहे. राजाचा जावई आणि सुतार, दोघांनीही आधी राहण्या-बसण्याची सोय पाहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली, ती हेच ओळखून. शाळा कितीही चांगली असली तरी रात्री अंथरूण कुठे टाकायचे हा प्रश्न सुटल्याशिवाय गरिबाचे पोर तिथे टिकत नाही. तो प्रश्न मी १९९९ साली विचारला नव्हता.

त्या मुलीचे आई-बाप दिवाळीनंतर भट्टीवर गेलेले आहेत. धाकट्या भावाला सांभाळायला तीही जायची होती. आजी अडून बसली, म्हणून दहावीपुरती राहिली आहे. पुण्याहून आल्यावर मी आजीला भेटलो. पुढे शिकायचे तर वसतिगृहात राहावे लागेल, म्हटले. आजीने विचारले, ‘गुरुजी, तिथं पोरी राहत्यात? रातच्या बी?’ माझ्या कोणत्याच उत्तराने तिचे समाधान होईना. आणि का व्हावे? तिने काय पाहिले होते?

म्हणून जानेवारीत दुसरी खेप केली. या वेळी मुले कमी आणि आज्या, मावश्या, एक-दोन आजोबा जास्त. जीप अर्थातच त्याची. पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहात आधी विचारून गेलो. आजी एका खोलीत शिरली. कॉट दाबून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली. मग म्हणाली, ‘ही हितं एकटी निजंल?’ त्या खोलीतली मुलगी म्हणाली, ‘एकटी कशी, आजी? आम्ही तिघी असतो.’ आजीने तिला गाव विचारले, आई-बाप काय करतात ते विचारले. तिचेही आई-बाप ऊसतोडीला जातात, हे कळल्यावर आजी तिच्याच कॉटवर टेकली आणि चांगली पंधरा मिनिटे बोलत बसली.

अडचणी संपल्या असे कुणी समजू नये. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हा मोठा डोंगर आहे. १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला मागतात. ज्या घरात शाळेची पायरी चढलेले हेच पहिले पोर, त्या घरात तो कुठून यायचा? गृहचौकशी करून निर्णय देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी कुणीतरी मागे लागावे लागते. जिल्ह्याचे आदिवासी प्रकल्प कार्यालय आंबेगाव तालुक्यात घोडेगावला; मावळातल्या मजुराने एक दिवसाची मजुरी बुडवून तिथे जायचे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने समजावे. एका दिवसाच्या सहलीने यातले काहीच सुटत नाही. पण मुलांना जागा दाखवून ठेवली, तर कागदासाठी खेटे घालण्याचे बळ तरी येते. या बावीस मुलांच्या दाखल्यांची कामे आम्ही निकालाची वाट न पाहता आताच सुरू केली आहेत. तुमच्या गावात, तुमच्या कामवालीच्या, माळ्याच्या घरात असे एखादे पोर असेल, तर प्रवेशाच्या आदल्या वर्षीच त्याला एकदा महाविद्यालयात नेऊन आणा. शक्य झाले तर त्याच्या आजीलाही.

जानेवारीतल्या त्या दिवशी वसतिगृहानंतर आम्ही पुन्हा जयकर ग्रंथालयात गेलो. सगळे आत गेले. तो मात्र जीपपाशीच उभा. किल्ली बोटात फिरवत होता. मी म्हटले, ‘चल.’ तो म्हणाला, ‘मी कशाला, सर? मी गाडीपाशी थांबतो.’

‘आज परवानगी सगळ्यांची घेतलेली आहे,’ मी म्हटले.

तो आला. दारात चपला काढाव्यात की कसे म्हणून क्षणभर घुटमळला. मग खिडकीजवळची एक रिकामी खुर्ची पाहून बसला. मी त्याच्याकडे न बघता वर्तमानपत्र उघडले. निघायची वेळ झाली, तरी मी त्याला उठवायला गेलो नाही. कार्ल्याला पोहोचायला अंमळ उशीर झाला, इतकेच.