सहा हजार सहाशे व्होल्ट आणि एक उदबत्ती

सिमेंट कारखान्यात आलेले पाहुणे भट्टीपाशी थांबतात. मी मात्र प्रीहीटर फॅनची ड्राइव्ह-रूम कुठे आहे ते विचारतो. चंद्रपूर भागात अशा खोल्या पाहत बरीच वर्षं गेली, तरी हे वेड उतरलेलं नाही.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. पूर्वी पंख्याची मोटर थेट लाइनवर पूर्ण वेगाने फिरायची आणि हवा कमी हवी असली की डँपर मिटून वाट अडवायची. ड्राइव्ह वारंवारता बदलून मोटरचाच वेग उतरवतो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती ५१ टक्क्यांवर येते. विजेच्या बिलातली बचत ती हीच.

पण या मोटरला लागणारे ६.६ केव्ही एकट्या आयजीबीटीच्या (ड्राइव्हमधल्या ट्रान्झिस्टर-स्विचच्या) आवाक्यातले नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या रॉबिकॉन कंपनीच्या पीटर हॅमंड यांनी १९९०च्या दशकात त्यावर काढलेली तोड मला आजही देखणी वाटते. कमी व्होल्टेजचे पॉवर सेल एकापुढे एक जोडायचे. एका फेजला सुमारे ६३५ व्होल्टचे ६ सेल, म्हणजे ३,८१० व्होल्ट. तीन फेज स्टारमध्ये बांधले की ६,६००. या १८ सेलना ट्रान्सफॉर्मरच्या १८ वेगळ्या वाइंडिंगमधून वीज मिळते. त्यांच्या फेज थोड्या थोड्या सरकवलेल्या असल्याने बहुतेक हार्मोनिक आतच एकमेकांना संपवतात.

कमिशनिंगचं बरंचसं काम वीज देण्याआधीचं. बसबारचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासायचे, अर्थिंग पाहायचं, ड्राइव्हकडची केबल सोडून मगच मोटर मेगर करायची, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचा. १० मिनिटांचं रीडिंग भागिले १ मिनिटाचं, हा भागाकार २च्या वर आला तर वाइंडिंग कोरडं आहे असं धरायचं. सेलमधले कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतील आणि वर्षभर गोदामात पडले असतील, तर त्यांना हळूहळू व्होल्टेज चढवून पुन्हा तयार करावं लागतं. मग कपलिंग सोडून मोटर रिकामी फिरवायची, दिशा पाहायची, आणि शेवटी लोड. ब्रेकर उघडल्यावरही कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत, कंपनीने सांगितलेली मिनिटं संपेपर्यंत, दाराला हात लावायचा नाही. इथे घाई करणाऱ्याला मी साइटवर उभं करत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे हवा. २,००० किलोवॅटचा ड्राइव्ह घ्या. ट्रान्सफॉर्मर धरून साडेतीन टक्के वाया गेले तरी ७० किलोवॅट उष्णता झाली. १ टनाचा एसी साडेतीन किलोवॅट बाहेर काढतो. म्हणजे असे २० एसी, न थांबता. ड्राइव्ह सहसा ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेला असतो आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. शिवाय सिमेंटची धूळ. फिल्टर आठवड्यात राखाडी होतात.

एका कारखान्यात नवा ड्राइव्ह रोज दुपारी ट्रान्सफॉर्मरच्या तापमानावर ट्रिप व्हायचा आणि रात्री शहाण्यासारखा चालायचा. सगळे पॅरामीटर उलटेपालटे करत बसले होते. तिथल्या एका जुन्या वायरमनभाऊंनी पूजेतली उरलेली उदबत्ती पेटवली आणि बाहेरच्या भिंतीवर, गरम हवेच्या डक्टच्या तोंडाशी धरली. धूर वळून सरळ शेजारच्या जाळीत शिरला. ‘सायेब, हा तं आपलीच गरम हवा परत घेऊन रायला!’ डक्ट छतावरून वर नेला आणि ट्रिप होणं थांबलं. लेसरवाली थर्मामीटरं माझ्याकडेही आहेत, पण उदबत्तीएवढं स्पष्ट उत्तर त्यांनी क्वचितच दिलंय.

(पूजेचं निघालंच आहे तर सांगतो: नारळ अवश्य फोडा, पण पॅनेल-रूमच्या बाहेर. कुंकूही दारावर लावा, फिल्टरवर नको.)

हवेच्याच प्रकरणातली आणखी एक गंमत. ड्राइव्हच्या डोक्यावरचे ब्लोअर सेंट्रिफ्यूगल असतील तर ते उलटे फिरले तरी हवा त्याच बाजूला फेकतात, फक्त कमी. म्हणजे वर हात धरून ‘हवा येतेय’ म्हणणं फसवं. बाण आणि चाकाची दिशा डोळ्यांनीच पाहायला हवी. आणि या ब्लोअरना दोन ठिकाणांहून सप्लाय असेल तर दोन्हींवर पाहायला हवी. मुख्य सप्लायवर सरळ फिरणारे पंखे दुसऱ्यावर गेले आणि तिथे फेजचा क्रम वेगळा असला की उलटे होतात, आणि ते कळतं थेट पुढच्या उन्हाळ्यात.

ड्राइव्ह मागवणाऱ्या कारखान्यांना एक विनंती. खरेदीच्या वेळीच कंपनीकडून उष्णतेचा आकडा किलोवॅटमध्ये लेखी घ्या, आणि तो खोली बांधणाऱ्या सिव्हिलच्या माणसाच्या हातात पाया खणण्याआधी द्या. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक खोल्या हा आकडा माहीत नसतानाच बांधलेल्या होत्या.