राणीवाचून अंडी

पेटीत अंडी दिसली म्हणजे राणी आहे, असा समज मधमाशा पाळणाऱ्या शेतकऱ्यांत सर्रास आढळतो. बहुतेक वेळा तो खरा ठरतो. परंतु जेथे तो खोटा ठरतो तेथे भरलेले मोहोळ महिना-दीड महिन्यात रिकामे होते. कोन व पनवेलच्या आसपास काकडी, दुधी, दोडका अशी वेलवर्गीय भाजी करणाऱ्या बांधवांनी बांधावर एखाद-दुसरी सातेरीची पेटी ठेवणे हिताचे आहे, कारण या पिकांची नर व मादी फुले निरनिराळी असल्याने माशीवाचून फळ धरत नाही. म्हणून या फसव्या लक्षणाचा विचार येथे करीत आहे.

सातेरी माशी आपल्या सह्याद्रीचीच. महाबळेश्वरी १९४६ पासून तिच्या पालनाचे संघटित काम चालू आहे. पुण्यास १९६२ साली मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. आणि महाबळेश्वरानजीकचे मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेव्हा या माशीची रीत आपणास परकी नाही.

मोहोळात राणी एकच. ती नराशी संग झाल्यावर दोन प्रकारची अंडी घालते : फलित अंड्यापासून कामकरी माशी किंवा राणी, व अफलित अंड्यापासून नर. नर बापावाचून जन्मतो ही गोष्ट सायलेशियातील झिएर्झोन नामक धर्मगुरूने १८४५ साली मांडली, तेव्हा पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली; पुढे ती सर्वमान्य झाली. कामकरी माशीसही अंडाशय असतो, पण राणीच्या व कोवळ्या पिलाव्याच्या गंधाने तो दबून राहतो. राणी गेली व पिलावाही संपला, की तो दाब उठतो आणि काही कामकरी माशा अंडी घालू लागतात. विलायती माशीपेक्षा सातेरीत हा प्रकार फार लवकर घडतो; राणी गेल्यावर आठवड्याच्या सुमारासही तो सुरू होतो. या माशांचा नराशी संग झालेला नसल्याने त्या अंड्यांतून केवळ नर निपजतात. नर मकरंद आणीत नाही, पिले पोशीत नाही. जुन्या कामकरी मरत जातात, नव्या येत नाहीत, आणि मागे मेणकिड्याने पोखरलेली पोळी उरतात.

ओळख पुढीलप्रमाणे करावी. राणीचे पोट लांब, म्हणून तिचे अंडे कोठडीच्या तळाशी मधोमध व एकेकटे असते. कामकरीचे पोट आखूड, म्हणून तिची अंडी कडेच्या भिंतीस चिकटलेली, एका कोठडीत दोन-चार किंवा अधिक, व पोळ्यावर विखुरलेली दिसतात. पुढे कामकरीच्या लहान कोठड्यांवर नरांची फुगीर झाकणे येतात. सातेरीत त्या झाकणाच्या मध्यावर बारीक छिद्र असते.

तथापि घाई करू नये. नवी राणीही आरंभी काही दिवस एका कोठडीत दोन अंडी घालते; ती तळाशीच असतात व हा दोष आपोआप जातो. याउलट अंडी तळाशी, एकेकटी व दाटीने असूनही सर्वत्र नरच निपजत असतील, तर राणी आहे पण निकामी आहे. पावसाच्या झडीमुळे तिला संगासाठी उडता आले नसेल, किंवा ती म्हातारी झाली असेल. अशी राणी शोधून काढल्यावाचून दुसरी देऊ नये. तसेच राणी हरवल्यावर माशांनी स्वतः नवी केली, तर तिची अंडी दिसण्यास सुमारे तीन ते साडेतीन आठवडे लागतात, हेही ध्यानी ठेवावे.

शंका असल्यास निरोगी पेटीतील अंडी व अगदी कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, माशा झाडून, संशयित पेटीत द्यावी व चौथ्या दिवशी पाहावी. राणीघरे बांधली असतील तर राणी नाही हे निश्चित. न बांधल्यास राणी असण्याचा संभव आहे. पण कामकरी अंडी घालीत असतील तर त्या प्रथम राणीघरे बांधीतच नाहीत असेही होते. म्हणून दर आठवड्यास एक याप्रमाणे दोन-तीन वेळा अशी चौकट द्यावी. कोवळ्या पिलाव्याच्या गंधाने त्यांचे अंडाशय पुन्हा दबतात, आणि मग त्या राणीघर बांधतात किंवा दिलेले स्वीकारतात. याआधी विकतची राणी सोडल्यास बहुधा माशा तिला गराडा घालून मारतात व पैसा वाया जातो.

माशा अगदी थोड्या उरल्या असतील तर त्यांना वाचविण्याचा हट्ट धरू नये. सायंकाळी, राणी असलेल्या सशक्त पेटीवर बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून वर ही कोठी ठेवावी. माशा कागद कुरतडतात तोवर गंध एक होतो. पेटी दूर नेऊन झटकल्यास अंडी घालणाऱ्या माशा परत येऊ शकत नाहीत, ही समजूत मात्र बरोबर नव्हे. त्या उडतात व परत येतात.

खरा उपाय आधीच्या काळजीत आहे. मृगाच्या तोंडावर मोहोळ विभागू नये, कारण पावसात नर कमी व उड्डाण कठीण. दोन हंगाम झालेली राणी बदलावी. पावसाळ्यात साखरेचा पाक सायंकाळी, न सांडता द्यावा. मोहोळ फुटण्याच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी पाहणी करावी. एरवी वारंवार उघडू नये, सातेरी त्रासून पेटी सोडते. आणि प्रत्येक पाहणीची तारीख, अंडी कोठे व किती, राणी दिसली की नाही, हे वहीत टिपावे. आमच्या महसूल खात्यात तोंडी साक्षीपेक्षा तारखेच्या नोंदीस मान असे. मोहोळाच्या बाबतीतही तेच खरे. राणी कधी गेली हे तारखेवरून कळले, तर उपायास वेळ मिळतो. न कळले, तर रिकामी पेटीच तेवढी हाती राहते.