उंच इमारतीचे मोल कोणी वाढविले?

शहराच्या मध्यभागी असलेली एखादी जुनी, नावाजलेली उंच इमारत रिकामी झाली की तिचे काय करावयाचे, हा प्रश्न वास्तुशास्त्राचा वाटला, तरी मुळात तो अर्थशास्त्राचा आहे. न्यूयॉर्कने त्याचे उत्तर बाजारावर सोपविले. १९३१ साली उभे राहिलेले तेथील वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल २०१७ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाले. २०२५ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा पूर्वीच्या चौदाशेहून अधिक खोल्यांच्या जागी ३७५ खोल्यांचे हॉटेल आणि ३७२ आलिशान सदनिका होत्या. जो अधिक मोजील त्याची जागा, हा बाजाराचा न्याय.

नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाच्या २३ मजली इमारतीस हा न्याय लागला नाही. १९७४ साली पूर्ण झालेली ही वास्तू, कंपनीचे मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीस गेल्यावर, विक्रीच्या वाटेला लागली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने ती १६०१ कोटी रुपयांस महाराष्ट्र शासनाला देण्यास मान्यता दिली. जून २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातील कार्यालये विखुरली होती. त्यांना हक्काची जागा मिळावी, हा हेतू रास्तच होय.

तथापि या व्यवहारातील एक तपशील विचार करावयास लावणारा आहे. जमीन मूळची राज्याचीच. म्हणून देय असलेले अनर्जित उत्पन्न आणि व्याज, मिळून सुमारे २९८ कोटी रुपये, राज्याने सोडून दिले. अनर्जित उत्पन्न म्हणजे मालकाच्या कष्टावाचून वाढलेले जमिनीचे मोल. मग ते वाढविले कोणी? रेल्वेने, रस्त्यांनी आणि शीळफाटा, दिवा, डोंबिवली येथून रोज चाळीस किलोमीटरहून अधिक प्रवास करून तेथे पोहोचणाऱ्या कारकुनांनी, शिपायांनी. शहरातील घर परवडत नाही म्हणून हा वर्ग शीळफाट्याच्या चौकापलीकडे राहावयास गेला; नोकरी मात्र दक्षिण मुंबईतच राहिली. या अंतराची किंमत तो तासांनी मोजतो, आणि कधी प्राणांनी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांना जीव गमवावा लागला.

म्हणून हॉटेल की कचेरी, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. आलिशान सदनिका झाल्या असत्या, तर सार्वजनिक जागा मूठभरांची झाली असती, हे खरे. पण कचेऱ्या तेथेच वाढविल्या, तर कर्मचाऱ्यांची पायपीटही वाढेल, हेही तितकेच खरे. मंत्र्यांच्या सान्निध्यावाचून ज्यांचे अडणार नाही, अशी कार्यालये ठाणे-कल्याण पट्ट्यात का नेऊ नयेत? ज्यांच्या येण्याजाण्याने त्या जमिनीला मोल आले, त्यांचे येणेजाणे थोडे कमी झाले, तर सोडून दिलेल्या त्या रकमेचा काही अंश तरी खऱ्या धनकोंच्या पदरी पडला, असे म्हणता येईल.