लोरावॅन

लोरावॅन हा दूर पल्ल्याच्या, परंतु अत्यंत मंद गतीच्या बिनतारी जाळ्यांसाठीचा नियमसंच आहे. इमारतींतील दिवे, पंप व मीटर यांचे नियंत्रण हा त्याचा एक प्रमुख उपयोग होय. त्यामागील 'लोरा' हे रेडिओतंत्र फ्रान्समधील सिक्लिओ कंपनीने विकसित केले. २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. त्यामुळे कोल्हापुरातील एखादी गृहनिर्माण संस्थाही वारंवारितेचा परवाना न घेता गच्चीवर स्वतःचा गेटवे बसवू शकते.

या तंत्रात पल्ला वाढतो तो गतीच्या मोबदल्यात. सर्वांत मंद गती सेकंदाला सुमारे २५० बिट असते. तीत दहा बाइटांचा संदेश पाठवण्यास जवळपास दीड सेकंद लागतो. चित्र वा ध्वनी पाठवणे अर्थातच शक्य नाही.

'अ' वर्गातील उपकरणे बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक वेळ निद्रिस्त असतात आणि स्वतः संदेश पाठवल्यानंतरच क्षणभर ऐकतात. टाकीतील पाण्याची पातळी कळवणाऱ्या संवेदकाला हे पुरेसे आहे, पंपाला मात्र नाही. पंपाचे नियंत्रक असे झोपलेले असेल, तर 'बंद हो' ही आज्ञा सर्व्हरवरच थांबून राहील आणि टाकी वाहू लागेल. म्हणून पंपासाठी सतत ऐकणारा 'क' वर्ग वापरतात. तेथे वीजजोडणी असतेच. तरीही रेडिओसंदेश हरवू शकतो. त्यामुळे टाकीतला साधा फ्लोट स्विच काढून टाकणे योग्य नव्हे.