लाटण्यावाचून अडतं का?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी प्रथमच घराबाहेर पडलेल्या मुलामुलींच्या खोलीत गॅस असतो, एखाददुसरं पातेलं असतं. पण पोळपाट-लाटणं, रवी, कुकर यांपैकी काही नसतं. मग ‘स्वयंपाक कशात करायचा?’ म्हणत रोज वडापाव सुरू होतो. खरं तर अशा वेळी नसलेली वस्तू नेमकं कोणतं काम करते, एवढंच पाहायचं असतं.

लाटण्याचं काम सारखा दाब देण्याचं. तडा नसलेली, स्वच्छ धुतलेली काचेची गुळगुळीत बाटली आणि पालथं घातलेलं सपाट ताट एवढ्यावर पोळी लाटता येते. तेही नसेल तर ओल्या फडक्यावर थालीपीठ थापावं. रवी नसेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत दही आणि पाणी घालून जोरात हलवलं की ताक होतं. मोदकपात्र नसेल तर पातेल्यात थोडं पाणी, वर धातूची चाळण, तिच्यात केळीचं पान आणि त्यावर झाकण. पाणी चाळणीला टेकू नये, इतकंच.

भाजीवर ताट झाकून त्यात पाणी ठेवायची आपली जुनी पद्धतही अशीच. ताटाच्या गार बुडाला वाफेचं पाणी होतं आणि ते थेंबाथेंबानं भाजीत परत पडतं. त्यामुळे भाजी सहसा करपत नाही. ताटातलं पाणी गरम झालेलं असल्यानं ते भाजीत ओतलं तरी शिजणं थांबत नाही.

कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. पातेल्यात ती उष्णता मिळत नाही, म्हणून वेळ द्यावा लागतो. तूरडाळ तासभर, हरभरे रात्रभर भिजवावेत. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावेत. आंबटामुळे डाळ शिजायला वेळ लागतो.

काही बाबतींत मात्र अशी हिकमत नको. सांडशीऐवजी ओलं फडकं घेऊ नये. पाण्यातून उष्णता हाताला फार लवकर पोचते. कोरड्या जाड फडक्याची घडी घ्यावी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी कळकते. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यातही आंबट पदार्थ ठेवू नयेत. दोन्हींमुळे विषबाधा होऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचं कुकरचं. शिट्टीचं वजन वाफेच्या छिद्राच्या मापानुसार ठरवलेलं असतं. तिच्या जागी दुसरी जड वस्तू ठेवली किंवा सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू बसवला, तर वाफ ठरलेल्या दाबाला बाहेर पडत नाही आणि कुकर फुटू शकतो. त्याच कुकरचा सुटा भाग मिळेपर्यंत पातेल्यातच शिजवावं. जेवायला तासभर उशीर झाला तरी चालेल.