डॉक्टरसाहेबांचं सोंग

‘ओल्ड क्रो मेडिसिन शो’ या अमेरिकन बँडच्या चाहत्यांत एक जुनं भांडण आहे. काहींना त्यांचा कार्यक्रम म्हणजे निव्वळ धमाल वाटते. माणूस खुर्चीत बसून राहूच शकत नाही, असं ते सांगतात. काही म्हणतात, धमाल असेल, पण हे ‘ओल्ड-टाइम’ नव्हे, फिडल आणि बँजो हातात घेऊन वाजवलेलं रॉक आहे. सुरुवातीपासूनच्या चाहत्यांची तक्रार आणखी वेगळी: रस्त्यावर वाजवायचे तोवर बँड खरा होता, पुढे ड्रम आले, दिव्यांचे झोत आले आणि रया गेली. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा मामला आहे. पण नाराजांच्या बोलण्याखाली एक समजूत दडलेली असते, की पूर्वी हे संगीत रंगमंचावर साधेपणाने, नाटकीपणाशिवाय सादर व्हायचं आणि आताच्या पोरांनी त्याचा तमाशा केला. ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही.

आधी हे ‘ओल्ड-टाइम’ संगीत काय आहे ते पाहू. अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः ॲपलेशियाच्या डोंगराळ प्रदेशात, फिडल, बँजो आणि गिटार यांच्या साथीने नाच चालत. फिडल म्हणजे आपल्या ओळखीचं व्हायोलिनच. फरक वाजवण्याच्या ढंगात. गज एका वेळी दोन तारांवर फिरतो, त्यामुळे धुनेखाली एक अखंड घुमारा राहतो. बँजो आला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर. तो वाजवताना नखाची मागची बाजू वरून खाली तारेवर आपटते आणि अंगठा अर्ध्यातूनच सुरू होणारी आखूड पाचवी तार छेडून सुटतो. धून दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा, आणि ते आवर्तन पुन्हा पुन्हा, दहा-दहा मिनिटंसुद्धा. 1940च्या दशकात घडलेल्या ब्लूग्रासमध्ये एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो. इथे तसं नसतं. सगळे मिळून एकच धून वाजवतात. आजही वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लिफटॉपच्या वार्षिक मेळ्यात तंबूंमधून असे घोळके बसतात, तोंडं एकमेकांकडे आणि पाठ बघ्यांकडे करून. आवर्तन संपवायचं झालं की फिडलवाला फक्त एक पाय उचलतो आणि सगळे एकदम थांबतात.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनातलं चित्र हे या घोळक्याचं आहे आणि तिथे ते बरोबरही आहे. त्या घोळक्याला श्रोता नको असतो. फार तर नाचणारे पाय हवे असतात. पण याच वादकांना ज्या क्षणी लोकांपुढे उभं केलं, त्या क्षणी सोंग सुरू झालं, आणि ही गोष्ट आजची नाही. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर 1925 साली जॉर्ज हे यांनी ग्रामीण संगीताचा कार्यक्रम सुरू केला. तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ झाला. त्यातल्या सुरुवातीच्या बँडपैकी एकाचे प्रमुख डॉ. हम्फ्री बेट हे शिकलेसवरलेले, पेशाने डॉक्टर. बँडच्या आधीच्या छायाचित्रात मंडळी सूट-टाय घालून बसली आहेत. नंतरच्या छायाचित्रांत तीच माणसं ओव्हरऑल चढवून अस्सल खेडूत झाली आहेत आणि बँडचं नाव ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे रानात पॉसम नावाच्या प्राण्याची शिकार करत हिंडणारे. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, तरी हा खटाटोप! म्हणजे ज्याला आज ‘अस्सल’ म्हणतात त्याचा पोशाखसुद्धा ठरवून शिवलेला होता.

अटलांटाच्या ‘स्किलेट लिकर्स’ या बँडची गोष्टही तशीच. 1926पासून कोलंबिया कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. धुनांच्या जोडीला चोरून दारू गाळणाऱ्यांच्या विनोदी प्रहसनांच्या तबकड्याही निघाल्या आणि त्या भरपूर खपल्या. बँडमधला गिड टॅनर विदूषकी करायचा. त्याचाच जोडीदार, कसबी फिडलवादक क्लेटन मॅकमिचन, या गावठी धुडगुसाला वैतागलेला असायचा. त्याला सफाईदार, नव्या वळणाचं संगीत हवं होतं. आज चाहते जे भांडण भांडतात ते तेव्हा बँडच्या आतच चालू होतं. शिवाय ज्या जुन्या तबकड्यांना प्रमाण मानून आजच्यांना नापास केलं जातं, त्यांच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन मिनिटं. रात्रभराच्या नाचातून तीन मिनिटं कापून दुकानात ठेवलेला तो माल होता. मूळ म्हणून आपण ऐकतो तेही संपादितच.

मग काहीही चालेल का? असं कुणी विचारलं तर उत्तर नकारार्थीच द्यावं लागेल. वेगाबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. धून अती पळवली की तिची वाकणं सपाट होतात, गजाचा हिसका हरवतो, आणि नाचणाऱ्याला पाय टाकायला जागा उरत नाही. उरतं ते उड्या मारणं. ‘ओल्ड क्रो’च्या काही वाजवण्यात हे होतं, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. पण हा दोष लयीचा आहे, रंगमंचाचा नव्हे. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बँडच्या नावातला मेडिसिन शो म्हणजे गाणं-बजावणं करून गर्दी जमवायची आणि मग बाटलीबंद औषध गळ्यात मारायचं. या खेळांत गोरे लोक तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत. असला वारसा मिरवायचा कशाला? परंपरेत होतं म्हणून ते निर्दोष ठरत नाही, हे खरंच. पण त्याचं सर्वांत चोख उत्तरही रंगमंचावरूनच आलं. 2005 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळा भरला. त्यानंतर रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचा ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ उभा राहिला. मेबेन गावचे वृद्ध फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊन ते शिकले. कार्यक्रमात दोन धुनांच्या मधे बँजोचा आफ्रिकी इतिहास ते सांगत, आणि जुन्या खेळांतलीच हाडांची टाळी, फुंकून वाजवायचा ‘जग’, नाच हे सगळं वापरत. 1920च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांचं ‘हिलबिली’ आणि काळ्यांचं ‘रेस’ अशी याद्यांची फाळणी केली होती. ती खोटी होती हे त्यांनी लोकांना नाचवता नाचवता पटवलं. त्यांच्या 2010च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. नुसत्या घोळक्यात बसून हे साधलं नसतं.

त्याच बून गावात 2000 साली ‘ओल्ड क्रो’ची मंडळी एका औषधाच्या दुकानासमोर वाजवत होती. नावाला इतकी साजेशी जागा ठरवूनही सापडली नसती. प्रख्यात अंध गिटारवादक डॉक वॉटसन यांच्या मुलीने त्यांना ऐकलं, वडिलांना आणून ऐकवलं, आणि वॉटसन यांनी बँडला आपल्या मर्लफेस्ट महोत्सवाचं आमंत्रण दिलं. म्हणजे ‘रस्त्यावरचा खरा बँड’सुद्धा रंगमंचाच्या वाटेवरच उभा होता, आणि पादचाऱ्याला थांबवायचं तर आरडाओरडा लागतोच.

या बँडचं ‘वॅगन व्हील’ हे गाणं तर आता इतकं वाजतं, की अनेक जाणकारांना ते नकोसं झालंय. कार्यक्रमात मात्र त्याचा पहिला स्वर लागला की सगळं सभागृह गायला लागतं. त्याच्या ध्रुवपदाचा तुकडा 1973च्या सुमाराचा, बॉब डिलनचा. अंतरे बँडच्या केच सेकॉरने पुढे रचले. डिलनने त्या ओळीचं श्रेय आर्थर क्रुडप या ब्लूज गायकाला दिलं, क्रुडपने बिग बिल ब्रून्झीकडे बोट दाखवलं. 2013 साली डेरियस रकर या कृष्णवर्णीय गायकाने गाऊन ते कंट्री याद्यांच्या शिखरावर नेलं. त्या गाण्यात नकाशाची एक ढोबळ चूक आहे. कंबरलँड गॅपहून जॉन्सन सिटीला जायला त्यातला प्रवासी पश्चिमेला निघतो; गाव आहे पूर्वेला. नाक मुरडणारे ही चूक आवर्जून दाखवतात. सभागृहातली हजारभर माणसं दर वेळी त्याच चुकीच्या दिशेला, एका सुरात निघतात.